गोधडीखालचा स्टुडिओ

2009 या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात सुरू झालेला ‘365 डेज ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ हा पॉडकास्ट श्रोत्यांनीच पाठवलेल्या भागांवर उभा राहिला. तुम्हालाही भाग करायचा असेल तर आधी विषय छाटा. मी ‘रेडिओ दुर्बिणी’ एवढा पसारा मांडला होता. शेवटी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घेतली आणि तिथलाही एकच प्रश्न: 45 मीटर व्यासाच्या त्या 30 तबकड्या जाळीच्या का? तिथे टिपतात त्या रेडिओलहरी साधारण वीतभर ते दोन मीटर लांब, जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. लहरींना ती भिंतच वाटते, वारा मात्र आरपार जातो. झाला की भाग!

पाच-दहा मिनिटं पुष्कळ. मिनिटाला 120 शब्द धरून लिहा आणि मोठ्याने वाचा. दम लागेल तिथे वाक्य तोडा.

रेकॉर्डिंगला पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, डोक्यावर आजीची गोधडी. घाम फुटतो, पण आवाज घुमत नाही. माईक तोंडासमोर नको, जरा तिरका धरा, नाहीतर प्रत्येक ‘प’ फटाक्यासारखा वाजतो. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसा. खोलीची खरखर काढताना तेवढा तुकडा लागतो. आणि शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, तर अख्खं वाक्य पुन्हा म्हणा. अर्ध्यातून जोडलेलं लगेच कळतं.