घराला वेगळे आणि गमतीदार नाव कसे द्यावे

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातील बंगल्यांच्या वसाहतीतून सावकाश फेरी मारली, तर 'श्रमसाफल्य', 'मातृछाया', 'आशीर्वाद', 'गुरुकृपा' आणि 'विसावा' ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांच्यामागची भावना खरी असते, त्यामुळे या नावांना नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. मात्र एकाच रस्त्यावर दोन 'श्रमसाफल्य' आले, की पत्ता शोधणाऱ्याची पंचाईत होते. आपल्या घराचे नाव वेगळे असावे, फाटकापाशी थांबलेल्या माणसाला ते वाचून हसू यावे आणि तरीही ते घराला शोभावे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. हे काम दिसते तितके सोपे नाही, कारण विनोद पहिल्यांदा ऐकताना गोड लागतो आणि घराचे नाव तीस-चाळीस वर्षे रोज उच्चारले जाते.

पहिली पायरी : घराची हकिगत लिहून काढा

नावांच्या तयार याद्या चाळण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि हे घर कसे उभे राहिले ते घरातल्या सर्वांनी मिळून लिहावे. जागा कोणी हेरली, पैसे कुठून आले, काम कशामुळे रखडले, बांधकामाच्या वेळी कोणते झाड वाचवले, कोण शेवटपर्यंत 'आपल्याला बंगला कशाला हवा' म्हणत होते, हे सगळे त्यात यावे. चांगले नाव जवळजवळ नेहमी या कागदावरच सापडते. शब्दकोशातून उचललेले नाव कितीही सुंदर असले, तरी ते शेजारच्या घरालाही तितकेच चालते.

नावाजलेल्या घरांकडे पाहिले, तरी हेच दिसते. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली शनिवारी घातला गेला, म्हणून त्याला ते नाव पडले, असे सांगतात; वाराच्या नावाइतके साधे नाव जवळजवळ तीनशे वर्षे टिकून राहिले आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून जे घर बांधले, त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीवरून 'राजगृह' हे नाव दिले. मलबार हिलवरील 'डग बीगन' हे नाव असलेल्या बंगल्यात वसंतराव नाईक राहायला आले आणि शेती हाच ज्यांच्या आस्थेचा विषय होता अशा या माणसाने त्याचे 'वर्षा' केले. ते १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हाही तिथेच राहिले, आणि पुढे हे नाव मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाचे म्हणून सर्वांच्या तोंडी बसले. ही तिन्ही नावे गंभीर आहेत, पण गमतीदार नावालाही हाच नियम लागू होतो : ते त्या घराबद्दल खरे असले पाहिजे.

भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून घर झाले असेल, तर 'फंडाची कृपा' हे नाव 'गुरुकृपा'च्या शेजारी झकास उभे राहते. नवऱ्याचे आणि बायकोचे, असे दोघांचेही आईवडील एकाच छपराखाली राहत असतील, तर 'सासरमाहेर' यासारखे दुसरे नाव नाही. गावचा वाडा उतरवून त्याच्या तुळया आणि दारे नव्या घरात बसवली असतील, तर 'उरलेसुरले' हे नाव प्रत्येक पाहुण्याला त्या दारांची गोष्ट विचारायला लावील. आंब्याच्या झाडासाठी नकाशा बदलावा लागला असेल, तर 'आंब्याला विचारून' असे लांबलचक नावही शोभून दिसते.

दुसरी पायरी : गंमत कोणत्या जातीची हवी ते ठरवा

गमतीदार नावांचे काही ढोबळ प्रकार पडतात. 'या, बसा', 'चहा टाकलाय' अशी नावे येणाऱ्याशी थेट बोलतात. माणसांची सतत ये-जा असणाऱ्या घरालाच ती द्यावीत, कारण बंद फाटकावर 'या, बसा' लिहिलेले वाचून येणाऱ्याचा हिरमोड होतो. 'अखेर', 'एकदाचे', 'हुश्श' ही सुस्कारा सोडणारी नावे आहेत आणि ज्यांचे बांधकाम वर्षानुवर्षे रेंगाळले त्यांनाच ती साजतात. घराच्याच एखाद्या भागाचे नाव संपूर्ण घराला देण्याची पद्धतही मला फार आवडते. 'ओसरी', 'पडवी', 'माजघर', 'माळा' हे शब्द सदनिकांच्या काळात वापरातून निघून चालले आहेत, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेच्या दारावर 'माजघर' अशी पाटी दिसली की गंमतही वाटते आणि शब्दही जिवंत राहतो.

सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या नावांतील अक्षरे जोडून नवा शब्द घडवणे. यात फार जपून पावले टाकावी लागतात. विनय आणि नीता यांचे 'विनीता' होते ते छान. परंतु रोहिणी आणि गजानन यांची आद्याक्षरे जोडली तर 'रोग' होतो, आणि शारदा व पद्माकर यांचा 'शाप' होतो. अक्षरांचा क्रम उलटून पाहावा, मधले अक्षर घ्यावे, आजी-आजोबांची नावे मिसळावीत, आणि इतके करूनही काही अर्थ लागत नसेल तर हा मार्ग सोडून द्यावा. ज्याचा अर्थ प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगावा लागतो, असा जोडशब्द कालांतराने घरच्यांनाच कंटाळवाणा होतो.

एक प्रकार मात्र पूर्ण टाळावा, आणि तो म्हणजे दुसऱ्याला टोमणा मारणारे नाव. भाऊबंदकीत वाटणीचा वाद झाला, शेजाऱ्याने हद्दीवरून भांडण काढले, म्हणून त्याला झोंबेल असे नाव भिंतीवर कोरण्याचा मोह काहींना होतो. वाद पाच-सात वर्षांत मिटतो, पण दगडात कोरलेली अक्षरे राहतात आणि पुढच्या पिढीला त्या घरात वावरावे लागते.

तिसरी पायरी : नाव कसाला लावा

मनात भरलेली दोन-तीन नावे जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला काही आठवडे लावून ठेवावीत आणि घरातले लोक आपोआप कोणते वापरू लागतात ते पाहावे. त्यानंतर प्रत्येक नाव तीन प्रसंगांत उच्चारून पाहावे.

पहिला प्रसंग फोनवरचा. सिलिंडर आणणाऱ्या किंवा पार्सल घेऊन आलेल्या माणसाला रस्त्यावरच्या गोंगाटात नाव एकदा सांगून कळले पाहिजे. दुसरा प्रसंग लग्नपत्रिकेचा. कुलदेवतेच्या नावाखाली, निमंत्रकांच्या पत्त्यात ते नाव छापलेले डोळ्यांसमोर आणावे. तिसरा प्रसंग कोणालाही नको असतो, पण तो प्रत्येक घरात येतो. निधनाच्या बातमीत 'अंत्ययात्रा राहत्या घरापासून निघेल' या वाक्याशेजारी घराचे नाव येते. 'सासरमाहेर' किंवा 'ओसरी' त्या ओळीत सहज बसते. 'हुश्श' किंवा 'सुटलो एकदाचे' बसत नाही. माझ्या मते नाव ठरवताना हा तिसरा प्रसंगच निर्णायक मानावा, कारण जो विनोद दुःखाच्या दिवशीही खुपत नाही तोच घराच्या भिंतीवर राहण्याच्या योग्यतेचा असतो.

घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वडील माणसाला नाव मान्य आहे ना, हेही विचारावे. शाळेत 'तू फंडाच्या कृपेत राहतोस का' असे मुलाला चिडवले जाणार असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे.

चौथी पायरी : शुद्धलेखन तपासून घ्या

पाटी बनवणारा कारागीर जे लिहून द्याल तेच कोरतो. त्यामुळे मूळ कागदच निर्दोष असावा. 'आशीर्वाद' ऐवजी 'आशिर्वाद' ही चूक तर इतकी रुळली आहे, की बरोबर लिहिलेलीच पाटी पाहणाऱ्याला चुकीची वाटावी. 'शांती', 'कीर्ती', 'स्मृती' हे शब्द मराठीत एकटे आले की शेवटची वेलांटी दीर्घ असते, परंतु समासात ते पहिले पद झाले की ती ऱ्हस्व होते. म्हणून 'शांतिनिवास', 'कीर्तिकुंज', 'स्मृतिगंध' असे लिहावे. 'मातृछाया' मराठीत सर्रास चालते, पण संस्कृतच्या संधिनियमाप्रमाणे 'मातृच्छाया' असे रूप होते. यांपैकी एक ठरवून सगळीकडे तेच वापरावे. बोलीतले गमतीदार नाव असेल, तर 'झाले एकदाचे' लिहायचे की 'झालं एकदाचं' हेही आधीच ठरवावे. माझी पसंती दुसऱ्या रूपाला आहे, कारण बोलण्याचा सूर अनुस्वारातच ऐकू येतो.

दुसऱ्या भाषेतही नाव एकदा वाचून पाहावे. मरीन ड्राइव्हवर एका पारसी कुटुंबाने १९३० च्या दशकात बांधलेली 'सूना महल' नावाची देखणी इमारत आहे. सूनाबाई या स्त्रीच्या स्मरणार्थ दिलेले हे नाव हिंदी वाचणाऱ्याला ओसाड महालासारखे वाटते आणि मराठी वाचणाऱ्याला सुनांची आठवण करून देते. रोमन लिपीतले स्पेलिंग हा आणखी एक घोटाळा. मुंबईत १८६५ मध्ये जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात घर बांधून त्याला 'नौलखा' हे आपल्याकडचे नाव दिले. हाच शब्द त्यांच्या एका सहलेखनातल्या कादंबरीच्या शीर्षकात चुकीच्या स्पेलिंगने छापला गेला होता. घराच्या नावात मात्र त्यांनी तो नीट लिहिला.

पाचवी पायरी : कागदपत्रे

स्वतंत्र बंगल्याला नाव देण्यासाठी सहसा वेगळ्या परवानगीची गरज पडत नाही, परंतु ते नाव मिळकत क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर यांची जागा घेऊ शकत नाही. पत्ता लिहिताना आधी क्रमांक, मग घराचे नाव, मग रस्ता आणि शेवटी पिन कोड, हा क्रम सोडू नये. (पिन कोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते, ही गोष्ट नावांची आवड असणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.) वीजबिल, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी रोमन स्पेलिंग अक्षरशः एकच ठेवावे, नाहीतर पत्त्याचा पुरावा देताना अडचण येते.

गृहनिर्माण संस्थेत सदनिकेच्या दारावर आपल्या आवडीची पाटी लावता येते. बाहेरची भिंत मात्र सामाईक असते आणि तिच्यासाठी समितीची संमती घ्यावी. संपूर्ण संस्थेचे नाव बदलायचे असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५ प्रमाणे रीतसर प्रक्रिया करावी लागते आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेत सभासदांना राजी करण्यापासून सुरुवात करावी लागते.

सहावी पायरी : पाटी

अक्षरांच्या उंचीचा साधा हिशेब असा, की दर दहा फूट अंतरामागे सुमारे एक इंच उंची धरावी. रस्ता फाटकापासून तीस फुटांवर असेल तर तीन इंचांची अक्षरे हवीत. काळ्या ग्रॅनाइटमध्ये कोरून रंग भरलेली अक्षरे सर्वांत टिकाऊ असतात, आणि काही वर्षांनी रंग उडाला तरी तो पुन्हा भरता येतो. कोकणात समुद्राजवळ साध्या लोखंडाची पाटी लावू नये, कारण पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर गंजाचे ओघळ येतात. स्टेनलेस स्टील वापरायचे असेल, तर ३१६ प्रतीचे मागावे. गोव्यात हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरश्यांवर घराचे नाव लिहितात. पणजीच्या फोंतेन्हास भागात ती पाहायला मिळतात आणि खारी हवा त्यांना फारशी बाधत नाही. मुंबईच्या १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींची नावे गिलाव्यातच उठावाने घडवलेली असून, त्या काळच्या कारागिरांनी अक्षरांना इमारतीच्या रेषांशी जुळणारे वळण कसे दिले ते ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला जाऊन जरूर पाहावे.

धातूची सुटी अक्षरे करवून घेताना देवनागरीची एक अडचण लक्षात ठेवावी. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एकसंध कापता येतो, पण अनुस्वाराचा टिंब सुटा राहतो आणि तो नुसत्या डिंकाने चिकटवलेला असतो, म्हणून सर्वांत आधी तोच पडतो. 'आनंदकुंज' या पाटीवरचे दुसरे टिंब गळाले की 'कुंज' जाऊन 'कुज' उरते. म्हणून टिंबाच्या मागे खिळा जोडून तो भिंतीत भोक पाडून बसवायला सांगावा, आणि पाटीवर दिवा हवा असेल तर त्याची वायर गिलावा होण्यापूर्वीच भिंतीतून ओढून घ्यावी.