राणी गेली तेव्हा आमचं डिपॉझिटही गेलं: इंग्लंडात नवीन आलेल्यांसाठी

घर, जीपी (म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर), शाळा, काउन्सिल टॅक्स यावर सांगणारे खंडीभर भेटतील, त्यात मी भर घालत नाही. मी सांगणार ते गावातल्या चर्चबद्दल, म्हणजे इथला राजा किंवा राणी गेली की तिथे काय काय होतं. हसू नका, मुलांचं बॅडमिंटन, योगा क्लास, आपल्या मंडळाचे कार्यक्रम, सगळं शेवटी पॅरिश हॉलमध्ये, म्हणजे गावच्या चर्चच्या हॉलमध्येच तर असतं.

8 सप्टेंबर 2022, गुरुवार, संध्याकाळी साडेसहाला राणी एलिझाबेथ गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, आणि आमचा गणपतीचा कार्यक्रम शनिवारी 10 तारखेला, पॅरिश हॉल तीन महिने आधी बुक केलेला. शुक्रवारी दुपारी बाराला चर्चची घंटा सुरू झाली ती तासभर वाजत होती. मी पुण्याच्या गुरुवार पेठेतला, तिथल्या पंचहौद चर्चच्या आठ घंटा ऐकत वाढलो, पण हा आवाज वेगळाच होता, गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखा. नंतर कळलं की घंटेच्या लोळीला चामड्याची गादी बांधतात, तिला मफल म्हणतात. एरवी कुणी गेलं की एकाच बाजूला बांधतात, म्हणजे एक ठोका मोठा आणि एक बसलेला, पण राजा-राणीसाठी दोन्ही बाजूंना. सत्तर वर्षांत ही वेळच आली नव्हती, त्यामुळे कित्येक ठिकाणी मफलच कमी पडले.

तर शनिवारी सकाळी आमच्यातला एक जण म्हणाला, अरे मनोऱ्यावरचा झेंडा पूर्ण वर गेलाय, दुखवटा संपला! आम्ही मानलं. कुणी फोन केला नाही. पार्किंगमध्ये ढोल उतरवले आणि जोरात सुरुवात केली, आणि तेव्हा आत चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका शोकवहीत लिहायला रांगेत उभ्या होत्या. चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारी बाई, बाहेर आली, ओरडली नाही, फक्त म्हणाली की मला वाटलं तुम्ही फोन कराल. डिपॉझिट गेलं, पुढच्या वर्षी हॉलही मिळाला नाही.

झेंड्याचं कारण असं की नव्या राजाची द्वाही फिरते तेव्हा झेंडा वर नेतात. तेव्हा शनिवारी 11 वाजता गेला आणि रविवारी दुपारी 1 वाजता परत अर्ध्यावर आला, तो थेट अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. झेंडा वर म्हणजे दुखवटा संपला असं नाही. परत सांगतो, नाही. आपल्याकडे आधी अग्नी आणि मग तेरा दिवस, इथे उलटं, दुखवटा आधी आणि अंत्यविधी शेवटी, 19 सप्टेंबरला, आणि त्या दिवसाबरोबर सरकारी दुखवटा संपला. राजघराण्याचा आणखी सात दिवस चालला.

कार्यक्रम रद्द करायची सक्ती सरकारने केली नव्हती, हे खरं आहे, आणि आपले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर हेच दाखवत बसतात. पण हॉल सरकारचा नाही. एका गावात हार्वेस्टचं, म्हणजे सुगीचं, जेवण होतं, शेजारच्या गावात रद्द होतं, ज्याची त्याची पद्धत. म्हणून बातमी कळल्या कळल्या हॉलचं बुकिंग बघणाऱ्या बाईंना फोन करा, ढोल चालतील का असं स्पष्ट विचारा. इंग्रज माणूस नाही म्हणत नाही, "जरा अवघड आहे" म्हणतो, त्याचा अर्थ नाहीच.

चर्चमध्ये जायचं असेल तर खुशाल जा, धर्म कुणी विचारत नाही. पांढरं मात्र घालू नका, आमच्या हिने चांगल्या मनाने पांढरी साडी नेसली आणि सगळे वळून बघायला लागले. निळं, करडं चालतं, काळा सूट विकत घ्यायची गरज नाही. शोकवहीत एक ओळ, नाव, गाव, बस, आपल्या दुकानाचं नाव लिहिणारेही मी पाहिलेत. फुलांचं प्लास्टिक काढून ठेवा. कोहिनूरचे विनोद घरी, मलाही त्या हिऱ्याबद्दल बोलायचंय पण दारात मेणबत्ती लावणाऱ्या आजींशी नाही.

प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे पुढे जातात तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी चालतं, किंवा पुढे जाऊन हात छातीवर आडवे धरा, व्हिकार, म्हणजे तिथले धर्मगुरू, फक्त आशीर्वाद देतात. प्रार्थनेत राजासाठी एक ओळ असते, ती त्याच आठवड्यात क्वीनची किंग झाली, आणि आयुष्यभर क्वीन म्हणणारे लोक तिथे अडखळत होते, तुम्ही अडखळलात तर कुणी बघत नाही. शांतता असते तेव्हा फोन बंद, अंत्यविधीला दोन मिनिटं होती, आदल्या रात्री 8 वाजता एक.

स्कॉटलंडला राहत असाल तर तिथलं मुख्य चर्च इंग्लंडच्या चर्चसारखं अँग्लिकन पंथाचं नाही, तिथल्यांनाच विचारा.

आणि नंतरचा चहा घेतल्याशिवाय निघू नका. 1890 साली पंचहौदला घेतलेल्या चहापायी टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं, इथे उलट आहे, न घेता गेलात तर लोकांच्या लक्षात राहतं. आमचा हॉल 2024 साली परत मिळाला तो अशाच एका चहावर, कप विसळताना त्याच चर्चवॉर्डन बाईंनी स्वतःच तारीख विचारली.