मशाल बघायला जाताय? सिक्युरिटीचा धक्का न खाता कसं बघायचं

ऑलिम्पिकची मशाल तुमच्यासमोरून जाते ती अर्ध्या-एक मिनिटात. एकेक जण साधारण २०० ते ३०० मीटर पळतो, तोही रमतगमत, हात हलवत, त्यामुळे तुमच्या वाट्याला येतो फक्त एक तुकडा. त्यासाठी तुम्ही तीन तास उभे राहता, पाय भरून येतात, आणि नेमक्या त्या क्षणी ट्रॅकसूटमधला एक आडदांड गडी छातीवर पंजा ठेवून तुम्हाला मागे रेटतो आणि फोटोत येतं ते त्याचं कोपर. माझ्याकडे असा एक फोटो आहे, कोपर अगदी शार्प आलंय, मशाल गायब. त्यानंतर दोनतीन वेळा गेलो आणि काय करायचं ते हळूहळू कळत गेलं, तेच लिहितोय. जिंकलेल्या टीमच्या विजययात्रेलाही यातलं बरंचसं लागू होतं, जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

पहिले डोक्यात हे पक्कं करा की ती सिक्युरिटीची माणसं तुमच्यासाठी तिथे नसतात. त्यांचं काम एकच, ज्योत आणि ज्योत धरणारा माणूस सांभाळणे. त्याच्याभोवती पळणाऱ्यांचं एक कडं असतं, ते सतत हलत असतं, आणि त्या कड्यात जो कोणी शिरेल तो आधी बाजूला ढकलायचा आणि मग विचारायचं की बाबा तू कोण. पळतापळता विचार करायला त्यांना दोनेक सेकंदच मिळतात. म्हणून सरळ वागणाऱ्या माणसालाही धक्का बसतो, फक्त तो चुकीच्या वेळी चुकीच्या जागी होता म्हणून. याचा अर्थ दांडगाई माफ असा नाही, त्यावर पुढे येतोच.

पूर्वी असं नव्हतं बरं का. १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकच्या आधी सिडनीत बॅरी लार्किन नावाच्या विद्यार्थ्याने खुर्चीचा पाय, पुडिंगचा डबा आणि रॉकेलमध्ये भिजवलेली चड्डी एवढ्या सामानातून नकली मशाल बनवली आणि ती थेट महापौरांच्या हातात नेऊन दिली, पोलीस त्याला वाट करून देत होते! आज तसं काही करायला गेलात तर महापौर दिसायच्या आधी तुम्हाला डांबर दिसेल. खरं बिघडलं ते २००८ ला. बीजिंगची मशाल जगभर फिरवली, तिबेटवरून ठिकठिकाणी निदर्शनं झाली, आणि मशालीसोबत निळ्या ट्रॅकसूटमधले चिनी रक्षक पळत होते, जे लोकांना तर ढकलायचेच पण मशालधारकांनाही हात असा धर तसा धर म्हणून ओरडायचे. लंडनमध्ये खुद्द सेबॅस्टियन को, म्हणजे पुढच्या ऑलिम्पिकचा आयोजन प्रमुख, त्यांना गुंड म्हणाल्याचं छापून आलं होतं. पॅरिसमध्ये तर ज्योत विझवून बसमध्ये घालून न्यावी लागली, एकदा नाही, अनेकदा. आणि दिल्लीत, १७ एप्रिलला, राजपथावर जेमतेम दोनतीन किलोमीटरची दौड, हजारो पोलीस आणि सामान्य लोकांना प्रवेशच नाही. फुटबॉलपटू बायचुंग भुतियाने आधीच मशाल धरायला नकार दिला होता. बघायला कोणी नाही अशी मिरवणूक कशाला काढायची, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नंतर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जगभर मशाल फिरवायचा प्रकारच बंद केला.

असो. तर उभं कुठे राहायचं.

सगळ्यात भारी जागा म्हणजे जिथे एक मशालधारक दुसऱ्याला ज्योत देतो ती. कारण पुढचा मशालधारक तिथे आधीच आणून सोडलेला असतो, हातात न पेटलेली मशाल घेऊन तो रस्त्याच्या कडेला लोकांतच उभा असतो, आणि तेव्हा त्याच्याभोवती कडं नसतं किंवा असलं तरी सैल असतं. फोटो काढायचाय, मुलांना मशालीला हात लावू द्यायचाय, ते सगळं या पाचदहा मिनिटांत उरकून घ्या, तोही खूश असतो, नाही म्हणत नाही सहसा. एकदा ज्योत पेटली की मग विसरा. लोक नेमकं उलट करतात, आधी निवांत मोबाईल बघत बसतात आणि पेटल्यावर धावतात.

वळणावर उभं राहू नका, वळणाच्या आतल्या बाजूला तर अजिबात नको. वळताना कडं आतल्या बाजूला दाबलं जातं आणि पळणारे अक्षरशः तुमच्या पायावरून जातात. सरळ रस्ता बरा, बॅरिकेड असेल तर त्याच्या मागे, आणि बॅरिकेड नसेल तर फुटपाथच्या कडेपासून दोन पावलं आत. थोडा चढ असेल तर अजून छान, वेग कमी होतो. खांबावर, सिग्नलवर चढायचा मोह आवरा. फिलाडेल्फियात २०१८ च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या वेळी पोलिसांनी विजेच्या खांबांना हायड्रॉलिक ऑइल चोपडलं होतं आणि तरी पब्लिक चढलंच, पण ते त्यांचं झालं.

मशाल दिसायच्या बऱ्याच आधी गाड्यांचा ताफा येतो, मोटरसायकली, स्पॉन्सरचे ट्रक, गाणी, फुकटचे झेंडे, मीडियाची गाडी. नवखा माणूस इथेच पुढे सरकतो आणि मोटरसायकलवाला त्याला मागे हाकलतो. तुम्ही हलू नका. मीडियाची गाडी गेली की मशाल आलीच समजा, तेव्हा मोबाईल आधीच वर धरून ठेवा. शेवटच्या क्षणी खिशात हात घालून काहीतरी काळं झटकन बाहेर काढणारा माणूस त्यांना कसा दिसत असेल विचार करा.

आता काय करू नये ते. मशालीच्या बाजूने सेल्फी घेत पळू नका, आणि सायकलवरून तर मुळीच जाऊ नका. २०१२ ला इंग्लंडमध्ये एक पोरगा सायकलवरून मशालीच्या फार जवळ आला तर सोबत पळणाऱ्या पोलिसाने त्याला सरळ सायकलीवरून खाली खेचलं, व्हिडिओ सगळीकडे फिरला. ते जास्तच होतं असं माझं मत, पण खरचटतं ते आपल्यालाच. पाण्याचं तर त्यांना भयंकर वावडं. ज्योत विझवायला लोकांनी बादल्यापासून फायर एक्स्टिंग्विशरपर्यंत सगळं आणलेलं आहे, त्यामुळे मशाल येताना हातात उघडी बाटली धरून उभं राहू नका, पोरांची पिचकारी-बिचकारी घरी ठेवा. जपानमध्ये २०२१ ला मितो शहरात एका बाईने वॉटर गनने पाणी उडवलं तर अटक झाली. फुलंसुद्धा फेकू नका. गंमत म्हणजे मशाल विझली तरी काही बिघडत नाही, मूळ ज्योत मागच्या गाडीत कंदिलात जपलेली असते, तिच्यावरून परत पेटवतात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये ती आपोआपच विझली होती, कोणी हात न लावता.

निषेध करायला जाणार असाल तर तो तुमचा हक्क, पण बॅरिकेडच्या अलीकडे राहून. फलक कापडी ठेवा, दांडी लावू नका, दांडी दिसली की तीच आधी हिसकावतात आणि त्या ओढाओढीत आजूबाजूच्यांना लागतं. आणि मुलं बरोबर असतील तर अशा घोळक्याला चिकटून उभं राहू नका, तुमची सहानुभूती कितीही असो.

रूट कधीही बदलू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोत २००८ ला लोक समुद्रकिनारी ताटकळत होते, मशाल एका गोदामात शिरली आणि भलत्याच रस्त्यावर निघाली, समारोप एअरपोर्टवर. २०२२ ला ब्युनोस आयर्समध्ये फुटबॉल वर्ल्ड कप जिंकून आलेल्या अर्जेंटिनाच्या टीमची बस गर्दीत अडकली आणि खेळाडू हेलिकॉप्टरमधून गेले. असं झालं की सगळे एकदम दुसऱ्या रस्त्याकडे धावतात आणि पोलीसही चिडलेले असतात, त्या लोंढ्यात जाऊ नका. हुकलं तर हुकलं.

विजययात्रेत धोका जरा वेगळा. तिथे सगळी ताकद बसभोवती आणि गेटवर लागलेली असते, बाकी गर्दी वाऱ्यावर. बंगळुरूत ४ जून २०२५ ला स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जीव गेले. अशा गर्दीत माणूस बहुतेकदा तुडवून मरत नाही, उभ्याउभ्याच छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. म्हणून चारी बाजूंनी अंग लागायला लागलं, हात वर करायलाही जागा उरली नाही की तेव्हाच निघा, टीम दिसली नसली तरी. अडकलातच तर दोन्ही हात छातीपुढे, पाय जमिनीवर, भिंत आणि बॅरिकेडपासून लांब, रेट्याच्या विरुद्ध जोर न लावता दोन रेट्यांच्या मधे तिरकं तिरकं सरकत कडेला. काही पडलं तर वाकू नका, चप्पल गेली तर गेली. आणि मागून पोलीस ढकलत असतील तर त्यांना ओरडून सांगा की पुढे जागा नाही, मागच्याला पुढचं दिसत नसतं.

धक्का बसलाच तर उलट हात उचलू नका, एवढं पाळाच, नाहीतर विषय तुमच्यावर उलटतो. ट्रॅकसूटवाल्याच्या अंगावर बऱ्याचदा नाव-नंबर लांबून दिसेल असा नसतो, तो थांबणारही नाही, तेव्हा जवळच्या वर्दीतल्या पोलिसाला गाठा आणि त्या पोलिसाचा नंबर, वेळ, जागा, कुठल्या रंगाचा ट्रॅकसूट, कितवा मशालधारक हे लगेच मोबाईलवर टाईप करून ठेवा, घरी जाईपर्यंत निम्मं विसरतं. शेजारी कोणी शूट करत होतं का बघा, त्यांचा फोन नंबर घ्या. लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन कागद करून घ्या. तक्रार आयोजकांकडे आणि पोलिसांकडे दोन्हीकडे, कारण ढकलणारा नक्की कोणाचा माणूस यावरून ते एकमेकांकडे बोट दाखवतात. व्हिडिओ कापून, गाणं लावून टाकायचा असेल तर खुशाल टाका, पण ओरिजिनल फाईल डिलीट करू नका, तक्रारीत तीच मागतात.