पाणी शांत दिसलं म्हणून डोंगा सोडू नका: या चुका टाळा

दर उन्हाळ्यात हेच पाहतो. नागपूरकडं कामाला गेलेली पोरं सुट्टीत गावी येतात, सकाळी तलावाच्या पाळीवर उभी राहतात, पाणी आरशासारखं दिसतं आणि कोणाचा तरी डोंगा मागून आत शिरतात. वारा नाही, लाट नाही, मग भीती कसली? गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागातल्या बोड्या म्हणजे लहान तळी, मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आणि इटियाडोह धरणाचं पाणी यांवर मी तीस वर्षं गरी आणि जाळं टाकत आलो. वारा असला की नवखा माणूसही सावध असतो. बुडता बुडता वाचलेले जेवढे लोक मला माहीत आहेत, त्यातले बहुतेक शांत दिवशीच निघाले होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वैशाख-जेठाच्या दुपारी पाण्यावर राहणं. सकाळपासून पान हलत नाही, बनियन अंगाला चिकटते, तेव्हा समजून घ्या की जमीन तापते आहे आणि तापलेली हवा वर चढते आहे. तीन-चारच्या सुमाराला ढग उभा राहतो. त्याच्यातून थंड हवा खाली आदळते आणि जमिनीवर चारी दिशांना पसरते. पाऊस डोक्यावर यायच्या कितीतरी आधी हा वारा तुमच्या डोंग्यापाशी पोचलेला असतो. म्हणून "पाऊस दिसला की निघू" हा हिशेबच चुकीचा आहे.

हे मी भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भाच्याला घेऊन इटियाडोहावर गेलो होतो. गाढवी नदी अडवून झालेलं हे पाणी, मधोमध गेलं की काठावरचा माणूस काडीएवढा दिसतो. सकाळी चांगली मासळी मिळाली होती. अकरालाच परतायचं ठरलं होतं, पण जेवण झालं, सावलीत डोळा लागला, आणि अडीच वाजता भाचा म्हणाला, "मामाजी, अजून एक खेप मारू ना जी. पाणी त हालतच नाई." मी हो म्हटलं. तिथं मी चुकलो.

जाळं अर्धं सोडून झालं होतं. आधी बगळे काठाकडं गेले, एकदम सगळे. मग मानेला गार लागलं, भर उन्हात, माठाजवळ मान नेल्यावर लागतं तसं. पश्चिमेकडं पाहिलं तर पाण्यावर एक काळी रेघ आडवी पसरलेली, आणि ती आमच्याकडं सरकत होती. अलीकडचं पाणी गुळगुळीत, पलीकडचं काळं आणि खवल्या-खवल्याचं. मी ओरडलो, "जाळं सोड!" तो दोर धरून बसला. "चार हजाराचं जाळं हाय मामाजी!" शेवटी मीच विळ्यानं दोर तोडला.

पहिली लाट बाजूनं आली आणि घोट्यापर्यंत पाणी आत. भाच्याला तळाशी बसवून हातात डबा दिला, म्हटलं तू फक्त पाणी उपस. मी वल्ह्यानं डोंग्याचं तोंड लाटेकडं धरून ठेवलं. काठ डाव्या हाताला जवळ दिसत होता आणि जीव तिकडंच ओढ घेत होता, पण तिकडं वळलो असतो तर कूस लाटेला मिळाली असती. डोंगा कुशीवर लाट घेऊन उलटतो, तोंडावर घेऊन सहसा उलटत नाही. वारा आम्हाला मागं मागं ढकलत गेला आणि शेवटी बेशरमाच्या झुडपांच्या दाटीत नेऊन घातलं. फांद्या धरून काठावर चढलो तेव्हा हात चिकानं माखले होते. काठावर एकच मोठं मोहाचं झाड होतं. भाचा त्याच्याकडं धावला, त्याला ओढून खोलगट जागेत उकिडवं बसवलं, कारण विजेच्या वेळी एकटं उंच झाड हीच सगळ्यात वाईट जागा. जाळं दोन दिवसांनी एका बुडालेल्या खुंटाला गुंडाळलेलं सापडलं.

तेव्हापासून एप्रिल ते जून मी उजाडता निघतो आणि दहाला काठावर असतो, मासा मिळो न मिळो. निघण्याआधी मोबाईलमध्ये दामिनी अॅप उघडतो, ते जवळपास पडणाऱ्या विजेचा इशारा देतं. तरी प्रत्येक वेळी जाळं उचलताना पश्चिमेकडं एक नजर टाकतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पाण्याबाहेर व्हायचं. आणि लाइफ जॅकेट. घेणं होत नसेल तर पाच लिटरच्या झाकणबंद रिकाम्या दोन डबक्या दोराला बांधून डोंग्यात ठेवा, पालथं पडलं तर धरायला होतात. जॅकेटची बरोबरी त्या करत नाहीत. "मला पोहता येते" हे उत्तर मला देऊ नका. अंगावर पँट-शर्ट आणि पायात जाळं अडकलेलं असताना पोहून दाखवणारा मी अजून पाहिला नाही.

दुसरी चूक पहाटेची. लहान बोडीत उन्हाळ्यात किंवा ढगाळ, कुंद दिवसानंतर पहाटे मासा वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतो. नवखा हरखतो, "आज मासाच मासा" म्हणतो आणि तासभर गरी टाकून बसतो. एकही घास लागत नाही. तो मासा खायला आलेला नसतो, श्वासाला आलेला असतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ मासळीसोबत तो वापरतं. पहाटे साठा सगळ्यात कमी असतो, आणि वारा नसला की पाणी घुसळत नाही, वरूनही मिळत नाही. अशा वेळी मी गरी काढतच नाही. ऊन चांगलं चढू देतो. बोडी आपली असेल तर पंप लावून तिचंच पाणी वरून तिच्यात फवाऱ्यानं पाडतो, मासळी तगते. त्या घडीला जाळं ओढून गुदमरलेला मासा गोळा करणं मला पटत नाही, मग बाजारात भाव काहीही असो.

शांत पाण्यात आवाज फार लांब जातो, हे तर कोणी ध्यानातच घेत नाही. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो, आणि मासा तो कानानंच नाही तर कुशीवरच्या रेषेनंही ओळखतो. टिनाच्या डोंग्यात डबा पडला की संपलं. मी तळाशी ओलं पोतं अंथरतो, वल्हं जिथं काठाला घासतं तिथं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळतो, आणि सावली माझ्या मागं पडेल असा बसतो. उभं राहून जाळं फेकायची हौस असेल तर पाळीवरून फेका. अरुंद डोंग्यात दोघं एकदम एका बाजूला वाकले की तो पाणी पितो.

खोली न बघता चारा टाकणं ही उतावळ्यांची खूण. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांना एकाच उंचीवर गरी टाकून "इथं मासा नाही" म्हणणारे मला दर आठवड्याला भेटतात. आधी दोराला शिसं बांधून तळ मोजा. मग थर्माकोलचा तरंगा वर-खाली सरकवत जा, प्रत्येक उंचीला निदान अर्धा तास द्या. चारा म्हणून भाजलेला कोंडा, ढेप आणि कणीक मळून घेतो. बाजारातल्या वासाच्या पुड्या वापरून पाहिल्या, मला फरक दिसला नाही.

धरणाच्या फुगवट्यात बुडालेली झाडं आणि घरांच्या भिंती असतात. वारा असला की पाणी त्यांच्याभोवती फुटतं आणि ती कळतात, शांत पाण्यात कळत नाहीत. पुढं बांबूनं चाचपत जा.

गोसीखुर्द धरणाच्या खाली वैनगंगेच्या पात्रात पाणी कितीही शांत असो, पाणी सोडण्याचा भोंगा ऐकू आला की सामान गोळा करत बसू नका, आधी वर या.

बारीक डोळ्याचं जाळं टाकू नका. मच्छीमार सोसायटी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तलावात सोडते आणि तीच बोटुकली चार महिन्यांत तुम्ही किलोवर विकता, मग पुढच्या वर्षी तलाव रिकामा म्हणून बोंब मारता.

करंट, सुरुंगाची दारू, विषारी पाला. यांबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही. सुरुंग आणि विष 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. करंटच्या तारेनं मासा मरतो, त्याची अंडी मरतात, आणि ओल्या डोंग्यात तार धरणारा माणूसही मरतो. आमच्या ढिवर म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यात असं करणाऱ्याला कोणी डोंगा देत नाही.

मासा उन्हात डोंग्याच्या तळाशी लोळत ठेवू नका. मेला की लगेच बर्फ, माशाच्या वजनाएवढा, आणि वरून ओलं पोतं. बर्फ नसेल तर जेवढा खाल तेवढाच धरा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गवताळ काठाला पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा खदखदताना दिसेल. ती मरळीची पिल्लं. खाली नर-मादी दोघं राखण करत असतात आणि अशा वेळी गरीला लावलेल्या बेडकाला लगेच तोंड घालतात, म्हणून त्यांना धरणं फार सोपं असतं. ती दोघं गेली की दुसरे मासे तो गोळा बघता बघता संपवतात. माझ्या बाबानं मला लहानपणी असा गोळा दाखवला होता आणि वल्हं पाण्यातून वर उचलून धरलं होतं, थेंबही पडू न देता. मी तेच करतो. पिल्लं काळी पडून पांगेपर्यंत त्या काठाला डोंगा नेत नाही.