चेहरा बधिर झाला तर काय करावे?

अर्धा गाल जड वाटतो, चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं. पुण्यात हिवाळ्यात कुणी दुचाकीवरून आल्यावर असं झालं की ‘वारं लागलं’ म्हणत शेक सुरू होतो. शेकण्याआधी घड्याळ पाहा.

१. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर कळलं असेल, तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ. हा अर्धांगवायू असू शकतो आणि त्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे ४.५ तासांच्या आतच देतात, म्हणून डॉक्टर आधी हेच विचारतात.

२. रुग्णाला हसायला, दोन्ही हात समोर उचलून धरायला आणि एक वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडं झालं, हात खाली आला, जीभ अडखळली, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. अचानक एकाच बाजूला आलेली बधिरताही तितकीच गंभीर धरा. सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालयच गाठा. गिळता येतंय का हे तपासेपर्यंत पाणी, चहा काही देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही नको: मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते स्कॅनशिवाय कळत नाही. दहा मिनिटांत बरं वाटलं तरीही जाच, तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

३. भुवई उचलत नाही, डोळा मिटत नाही, हातपाय मात्र ठीक आहेत? मग बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला आलेली सूज. पण हा निर्णय घरी घेऊ नका, त्याच दिवशी दाखवा. स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. उघडा राहणारा डोळा जपायला डॉक्टर थेंब देतात, रात्री पापणी मिटवून पट्टी लावायला सांगतात. बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात.

४. एका बाजूला आग होऊन फोड आले तर नागीण. तिचंही औषध ७२ तासांत हवं आणि फोड डोळ्याजवळ असतील तर डोळे तपासायलाच हवेत. अक्कलदाढ काढल्यावर ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर दंतवैद्यांना कळवा. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. तो पूर्ण बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

ससूनला जा किंवा खासगीत, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सगळ्यांत आधी सांगा.