हेडलाइटची काच घासण्यापूर्वी: या चुका टाळा

मोटारीच्या हेडलाइटवरच्या आवरणाला आपण सवयीने काच म्हणतो आणि काचेसारखेच वागवतो. दुरुस्तीतल्या बऱ्याच चुकांचे मूळ तिथेच आहे. अँबेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांवर खरोखरची काच होती. आजच्या गाड्यांवर असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक. खडा लागून ते सहसा फुटत नाही, परंतु त्यावर चरे सहज उमटतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यातच त्यावर केसाहून पातळ असा कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. वर्षानुवर्षांचे ऊन, रस्त्यावरची वाळू आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसण्याची आपली पद्धत यांनी हा लेप झिजतो. तेव्हा दुरुस्ती म्हणजे उरलासुरला जुना लेप पूर्णपणे काढणे आणि त्याच्या जागी नवा चढवणे. नुसती चकाकी आणणे हे त्यातले अर्धेच काम आहे.

हे मला उशिरा कळले. माझी गाडी इमारतीच्या मोकळ्या आवारात पश्चिमेकडे तोंड करून उभी असते आणि दुपारचे सगळे ऊन उजव्या हेडलाइटवर येते; डाव्यावर झाडाची सावली असल्याने तो बराच बरा होता. एका दिवाळीच्या आधी मी उजवा हेडलाइट टूथपेस्टने तासभर घासला. तो चकचकीत झाला, शेजाऱ्यांनीही विचारपूस केली, आणि होळी येईपर्यंत तो पहिल्यासारखाच पिवळा झाला. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरचा मळकट थर निघतो; पण त्याबरोबर उरलेला लेपही जातो आणि प्लॅस्टिक उघडे पडते.

निदान न करता सुरुवात करणे

घासायचा खरखरीत पेपर हातात घेण्यापूर्वी काच धुवावी आणि ओली असतानाच पाहावी. पाण्याने ती जवळजवळ स्वच्छ दिसू लागली, तर दोष पृष्ठभागावरचा आहे आणि घासून जाण्यासारखा आहे. ओली असतानाही ती धुरकट दिसत असेल, तर आतल्या बाजूला वाफ किंवा धूळ बसली आहे, किंवा प्लॅस्टिकच्या आतच कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या आहेत. असे असेल तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. एखादा चरा किती खोल आहे हे नखाने कळते: नख अडकले, तर तो पुरता घालवण्याच्या नादात त्या जागी खळगा पडतो आणि प्रकाशाचा झोत वाकडा होतो. असा चरा थोडा बोथट करून सोडून द्यावा.

पेट्रोल, थिनर किंवा डीट (डास पळवणारे रसायन) असलेला डासांचा स्प्रे फिरवून काच क्षणात स्वच्छ झाल्याचे अनेक जण दाखवतात. ही द्रव्ये पॉलिकार्बोनेटचा वरचा थर विरघळवतात किंवा मऊ करतात, म्हणून ते काही काळ गुळगुळीत दिसते. पुढे तिथेच बारीक तडे जातात आणि ते कशानेही भरून निघत नाहीत. गरम कपातून वाफ सोडण्याच्या संचातही हेच तत्त्व आहे. त्यातले द्रव्य बहुधा डायक्लोरोमिथेन असते, त्याची वाफ श्वासातून जाणे धोक्याचे आहे, आणि वाफेने गुळगुळीत झालेल्या काचेला अतिनील किरणांपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही.

घासताना होणाऱ्या चुका

सर्वात जास्त नुकसान इथे होते, आणि ते बहुधा घाईपोटी. काचेच्या कडेचा रंग आणि बॉनेटची धार यांवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावावेत. एकच थर पेपरने पाहता पाहता फाटतो. पेपर पाण्यात वापरायचा वॉटर पेपरच हवा. तो बोटांनी दाबून घासल्यास बोटांच्या खुणा पन्हाळीसारख्या उमटतात, म्हणून तो स्पंजच्या किंवा रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळावा. पेपरचा नंबर जितका लहान तितका तो खरखरीत; लेप बराच सोललेला असेल तर 600 किंवा 800 नंबरपासून सुरुवात पुरते. लवकर काम व्हावे म्हणून 220 चा पेपर घेतला, तर त्याचे चरे काढण्यातच दुपार जाते. पुढे 1000, 1500 आणि 2000 या क्रमाने जावे, मधला नंबर गाळू नये. प्रत्येक नंबरला दिशा बदलावी, म्हणजे आधी आडवे घासले असेल तर पुढच्या पेपरने उभे घासावे. आधीच्या दिशेची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढचा पेपर उचलू नये. नंबर बदलताना काच, ठोकळा आणि बादलीतले पाणी तिन्ही स्वच्छ करावे, कारण जाड पेपरचा एकच कण बारीक पेपराखाली राहिला तरी लांब चरा ओढतो.

जुना लेप निघाला की नाही हे ओघळणारे पाणी सांगते. सुरुवातीला ते पिवळट दुधासारखे येते आणि लेप संपला की पांढरे होते. काच वाळल्यावर नकाशातल्या बेटांसारखे चकाकणारे तुकडे दिसले, तर तिथे लेप शिल्लक आहे. त्यावर नवा थर चढवला तर त्याच कडांपासून तो सोलू लागतो. या टप्प्यावर काच सगळीकडे सारखी पांढरट आणि आधीपेक्षा वाईट दिसते. पुष्कळ जण इथेच घाबरून काम सोडतात, वस्तुतः ती तशीच दिसायला हवी.

यंत्राने पॉलिश करणाऱ्यांनी वेग कमी ठेवावा आणि पॅड एका जागी थांबू देऊ नये. हात लावून काच गरम लागली तर थांबावे, कारण तापलेले प्लॅस्टिक मऊ होऊन त्यावर कंपाउंड, म्हणजे पॉलिशची घासणारी पेस्ट, चिकटते.

लेप चढवताना

स्प्रेचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, मारायचा असेल तर काच आरशासारखी चकचकीत करू नये; त्याला पकडीसाठी थोडा खरबरीतपणा लागतो. कोणत्या नंबरवर थांबायचे ते डब्यावर दिलेले असते आणि ते पाळावे. लेप अतिनील किरण अडवणाराच हवा. लाकडाचे लॅकर काही महिन्यांत पिवळे पडते आणि वॅक्स काही आठवडेच टिकते. लेपापूर्वी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नंतर तिला बोट लावू नये. थर पातळ द्यावेत. हार्डनर (लेप कडक करणारे द्रव्य) मिसळून वापरायचे लेप योग्य मास्क लावून उघड्यावरच मारावेत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे काम काढूच नये, कारण हवेतला ओलावा ताज्या थरात अडकला की तो पांढरा पडतो. तसा पडलाच तर पूर्ण वाळू द्यावा, घासून काढावा आणि कोरड्या दिवशी पुन्हा मारावा.

काच स्वच्छ, तरी उजेड कमी

असे झाले तर आतला परावर्तक काळवंडला आहे का, बल्ब जुना झाला आहे का आणि वायरिंगमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. परावर्तक कापडाने पुसायला जाऊ नये, त्याचा मुलामा हातात येतो. 60/55 वॅटच्या जागी 100/90 चा बल्ब बसवण्याचा उपाय तर वायरिंग आणि परावर्तक दोन्ही तापवतो. काच आतून धुरकट होत असेल तर बल्ब बदलताना मागची रबरी टोपी नीट बसली नव्हती का, हे आधी तपासावे.

मी उजवा हेडलाइट दुसऱ्यांदा केला तेव्हा बॉनेटच्या फटीलगत टेप काचेवर सरकला होता आणि बोटभर रुंदीची पट्टी लेपाविना राहिली. ती मी नंतर कंपाउंडने चकाकवली, त्यामुळे त्या वेळी काहीच फरक दिसेना. वर्षभरात तेवढीच पट्टी पिवळी झाली आहे. बाकीची काच स्वच्छ आहे.