स्वस्तातली जुनी पिकअप: गॅरेजला लावायची की नाद सोडायचा

गाडी बघायला जाताना टॉर्च, छोटी हातोडी, एखादं लोहचुंबक आणि अंगाखाली टाकायला जुनं पोतं एवढं बरोबर असू द्या. ओळखीचा मेस्त्रीही न्या, फक्त तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. सकाळी लवकर जा आणि आधी फोन करून वेळ ठरवू नका. वेळ कळवली की आपण पोहोचेपर्यंत इंजिन तापवून ठेवलेलं असतं, आणि तापलेलं इंजिन शहाण्यासारखं वागतं. म्हणून बॉनेटवर हात ठेवून बघा. गार असेल तरच पुढचं.

त्याच्याही आधी, घरी बसल्या बसल्या, गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याचं आरटीओचं प्रमाणपत्र) कधी संपलाय, इन्शुरन्स आहे का, कर्जाचा बोजा उतरलाय का, चलनं किती थकलीत, ते सगळं तिथं दिसतं. मालवाहू गाडीला 8 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावा लागतो. त्यामुळे तीन-चार वर्षं फिटनेसच नसलेली 'चालू कंडिशन' गाडी म्हणजे थकलेल्या कराचं आणि दंडाचं गाठोडं आहे, ते किमतीत धरा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा आरटीओचा फॉर्म) हातात पडल्याशिवाय विसार देऊ नका. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) तिसऱ्याच माणसाच्या नावावर आणि मधले दोन व्यवहार स्टॅम्पपेपरवर, असा प्रकार असेल तर मी गाडी बघायलाही जात नाही. सही करणारा मूळ मालक शोधण्यात जेवढे हेलपाटे होतात, तेवढ्यात दुसरी गाडी मिळते.

सांगलीत गाडी घेताय तर किमतीच्या आधी विचारा, 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात ही गाडी कुठं उभी होती? 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, आणि तिथं धोक्याची पातळी 45 फुटांनाच असते. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढं धुऊन, रंगवून विकल्या गेल्या. विकणारा सांगणार नाही, सीटबेल्ट सांगतो. पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ असतो, पण आतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची मातकट रेघ राहिलेली असते. हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जुडग्यात, सीटच्या रुळांतही बघा. बुडालेली गाडी स्वस्तात दुरुस्त होत नाही, कारण वायरिंग आतून कुजत राहतं आणि दर पावसाळ्यात नवं काहीतरी बंद पडतं.

आता पोतं अंथरा आणि खाली शिरा. सगळा निर्णय इथं होतो, वर रंग कसाही असो. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथं चेसीसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बसतात तिथं हातोडीनं हलकेच ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक. भदभद वाजलं आणि गंजाचा पापुद्रा पापडासारखा गळून पडला तर उठा, कपडे झटका आणि चहा न घेता निघा. चेसीसवर नुकताच काळा रंग थापलेला असेल तर तिथं जास्त ठोका. आडवे वेल्डिंग, ठिगळं, नव्या बोल्टची रांग या सगळ्याचा अर्थ एकच, गाडी ओढगस्तीत चाललीय. मूळ पाट्यांवर जादा पाटे चढवलेत का, हेही मोजा. दीड टनाच्या गाडीत अडीच टन ऊस नाहीतर खडी भरणाऱ्याचीच ही सवय. पाटे, ब्रेक, क्लच, क्राऊन पिनियन, सगळं बदलता येतं. कुजलेली किंवा तडकलेली चेसीस मात्र फिटनेसलाही अडकते आणि रस्त्यावर जीवही घेते. केबिनला आणि हौद्याला चुंबक लावत जा. चिकटत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलीय. हौदा कुजलेला असला तर फार घाबरू नका, खत वाहणाऱ्या प्रत्येक गाडीचा कुजतो आणि नवा बसवून मिळतो.

इंजिन चालू करून ऑइलचं झाकण काढा आणि भोकावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर चालेल. उडून पडलं आणि खालून धुराचा फुगारा आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन बॅक मारतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर एअर फिल्टर किंवा इंजेक्टरनंही येतो, त्यात फार घाबरण्यासारखं नाही. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचा) संशय घ्या. (रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडा, तापल्यावर तोंड भाजतं.) पाण्यावर तेलाचा तवंग, डिपस्टिकला दुधाळ चहासारखं ऑइल, दोन्ही त्याचीच लक्षणं. आपल्या सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात बोअरचं खारं पाणी सरळ रेडिएटरमध्ये ओतायची रीत आहे, म्हणून पाईपात पांढरे क्षार दिसले तर रेडिएटरचा खर्च आधीच लिहून ठेवा. 2020 नंतरची बीएस 6 (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी असेल तर सेन्सरचं आणि सायलेन्सरचं काम जुन्या मेस्त्रीच्या पान्यानं होत नाही.

मग भरलेल्या गाडीनं चढ घ्या. आमच्याकडं सांगलीत दंडोबाच्या डोंगराचा रस्ता, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट. मोकळ्या गाडीला सपाटीवर चालवून काही कळत नाही. टायर किती जुना ते कळायला त्यावरचा चार आकडी शिक्काही वाचा, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

इथं माझी चूक सांगतो. 2010 ची गाडी 1 लाख 10 हजारांना घेतली, थोडा धूर होता. मेस्त्री म्हणाले, "मालक, हाफ इंजिनात (अर्ध्या दुरुस्तीत) काम होतंय, 35 हजारांत बसवून देतो." म्हटलं, उघडा. लेथवर क्रँकला (इंजिनातल्या मुख्य दांड्याला) मायक्रोमीटर लागला, लेथवाल्यानं दोनदा मोजलं आणि क्रँक परत माझ्याच हातात दिला. आधीच्या मालकानं तो शेवटच्या मापापर्यंत घासून घेतलेला होता, आता आणखी घासता येत नव्हता. बिल 82 हजारांवर गेलं. खोललेलं इंजिन पोत्यात घालून विकता येत नाही, त्यामुळे पैसे घालत राहिलो. तेव्हा हिशेब इंजिन उघडण्याआधीच करायचा होता, आणि तेवढाच माझ्या हातात होता. फेब्रुवारी होता, द्राक्षं तोडणीला आलेली, आणि क्रेट भाड्याच्या गाडीनं गेले ते वेगळं.

म्हणून आता मी आकडा कागदावर लिहितो. मेस्त्री सांगेल त्याच्या दीडपट, त्यात गाडीची किंमत, कागदपत्रांचा खर्च आणि गाडी उभी राहील तेवढ्या दिवसांचं भाडं. त्याच मॉडेलची चांगली गाडी बाजारात जेवढ्याला मिळते त्याच्या पुढं बेरीज गेली, तर नाद सोडायचा. बेरीज अलीकडं असेल तर फक्त पूर, चेसीस आणि आरसी या तिन्हींची खात्री झालेलीच गाडी घ्यायची.

गाडी आधीच तुमच्या दारात उभी असेल आणि उत्तर 'नाही' आलं, तर इंजिन, गिअरबॉक्स, हौदा वेगवेगळा विका, सबंध गाडीपेक्षा जास्त येतात. पण सांगाडा भंगारात देण्याआधी आरटीओत आरसी रद्द करून घ्या. गाडी मोडीत निघाल्यावर 14 दिवसांत कळवायचं असतं, आणि चेसीस नंबरचा तुकडा आठवणीनं कापून ठेवा.